फायर इंजिनिअरिंगसाठी घर तारण ठेवावं का?

घणसोलीहून एका आईचं पत्र आलं आहे. थोडक्यात असं:

"मुलगी यंदा बारावी सायन्स झाली. ग्रुपला ७१ टक्के, सीईटीत ८३ पर्सेंटाइल, जेईई मेनला ७४. नववीपासून एनसीसीत आहे आणि फायर इंजिनिअरिंगच करायचं म्हणते. मिस्टर महापे एमआयडीसीत ऑपरेटर आहेत. कंपनीतल्या सेफ्टी ऑफिसरचा मान ते रोज बघतात, त्यामुळे त्यांनाही पटलंय. वाशीतल्या एका अ‍ॅडमिशन सेंटरने परराज्यातल्या खासगी विद्यापीठाचं फायर अँड सेफ्टीचं बी.टेक. सुचवलं आहे. फी वर्षाला दोन लाख, होस्टेल वेगळं. पहिलं वर्ष वाशीतच करता येईल, शंभर टक्के प्लेसमेंट आहे, असं सांगतात. २५ हजार भरून सीट धरली आहे. मूळ मार्कशीट आणि शाळा सोडल्याचा दाखला त्यांच्याकडेच आहे. बाकीच्या पैशांसाठी सिडकोचं घर तारण ठेवावं लागेल. घरचं उत्पन्न साडेपाच लाख. आम्ही ओबीसी, नॉन-क्रिमीलेअर काढलेलं आहे. सासूबाई म्हणतात, पोरीला आगीत कशाला घालता? आम्ही काय करावं? आणि नाही म्हटलं तर पैसे परत मिळतील का?"

ताई, घर तारण ठेवू नका. बाकीचं सविस्तर लिहिते, पण एवढ्या एका उत्तरासाठी तुम्हाला शेवटपर्यंत वाट बघायला लावणं बरं नाही. मुलीने निवडलेलं क्षेत्र चांगलं आहे, त्यात तिचं काही चुकलेलं नाही. तिथे पोहोचायचा जो रस्ता तुम्हाला दाखवला गेलाय तो महाग आहे, आणि तो दाखवणाऱ्याचा फायदा तुमच्या सहीत आहे.

आधी सासूबाईंचं बघू. त्यांची काळजी खरी आहे, तिला उडवून लावू नका. नागपूरच्या हर्षिनी कान्हेकर २००२ मध्ये तिथल्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयात शिकायला गेल्या, तेव्हा त्या कॉलेजात त्यांच्याआधी एकही मुलगी शिकलेली नव्हती. पुढे त्या ओएनजीसीच्या अग्निशमन सेवेत रुजू झाल्या. हे सासूबाईंना जरूर सांगा. आणि हेही सांगा की फायर इंजिनिअरचं बरंचसं काम आग लागायच्या आधीचं असतं. नकाशा तपासणं, पाइपचा व्यास ठरवणं, पंप चालवून बघणं, वेल्डिंगच्या परमिटवर सही करण्याआधी शेजारच्या टाकीत सॉल्व्हंट आहे का ते जाऊन पाहणं. मी स्वतः रबाळे-तळोजा पट्ट्यात बरीच वर्षं सेफ्टीत काम केलंय. आगीसमोर उभं राहण्यापेक्षा "आज हे काम होणार नाही" हे प्रॉडक्शन मॅनेजरला ठामपणे सांगण्याचे प्रसंग कितीतरी जास्त येतात. एनसीसीतल्या मुलीला ते जमेल.

आता मुख्य मुद्दा. "फायरची डिग्री" म्हटलं की एकच नोकरी डोळ्यांसमोर येते, पण या क्षेत्रात जाणारी माणसं निदान चार वेगळ्या ठिकाणी जातात आणि प्रत्येक ठिकाणी वेगळा कागद मागतात. वर्षाला दोन म्हणजे चार वर्षांत आठ लाखांचा हा कागद त्यातल्या कुठे चालतो, हे बघितल्याशिवाय तो स्वस्त की महाग ते ठरवता येत नाही.

तुमच्या मिस्टरांच्या मनात आहे ती सेफ्टी ऑफिसरची नोकरी, म्हणून तिथूनच सुरुवात करते. सेफ्टी ऑफिसर कोण होऊ शकतो हे कंपनीच्या मर्जीवर नसतं, त्याला नियम आहेत. आपल्याकडे १९८२ पासून सेफ्टी ऑफिसरसाठी राज्याची वेगळी नियमावली आहे. तिचा गाभा असा: इंजिनिअरिंगच्या कोणत्याही शाखेची पदवी आणि कारखान्यात सुपरवायझर म्हणून दोन वर्षांचा अनुभव. डिप्लोमा असेल किंवा फिजिक्स-केमिस्ट्रीची पदवी असेल, तर अनुभव पाच वर्षांचा. याशिवाय राज्य शासनाने मान्य केलेली औद्योगिक सुरक्षेची पदवी किंवा पदविका. आणि बहुसंख्य कामगार बोलतात ती भाषा यायला हवी.

"कोणत्याही शाखेची" हे दोन शब्द मिस्टरांना पुन्हा वाचायला सांगा. मेकॅनिकल चालतं, केमिकल चालतं, इलेक्ट्रिकल चालतं. त्यावर सुरक्षेची पदविका करायची. आपल्याकडे सगळे तिला "एडीआयएस" म्हणतात. एक वर्षाचा कोर्स आहे, महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाचा. सायनला केंद्र सरकारची केंद्रीय श्रम संस्था आहे, तिथेही औद्योगिक सुरक्षेची पदविका होते, आणि तिथला प्रवेश मिळणं ही मानाची गोष्ट समजली जाते. मिस्टरांच्या कंपनीतल्या साहेबांना एकदा चहाच्या वेळी विचारायला सांगा, "साहेब, तुमचं मूळ शिक्षण काय?" या पट्ट्यात अशा माणसांची मूळ डिग्री बहुतेकदा मेकॅनिकल किंवा केमिकल निघते, किंवा बी.एस्सी. केमिस्ट्री, आणि वर एडीआयएस.

या नोकरीला पुढे मागणी राहील का? राहील. जुन्या कारखाने अधिनियमात सेफ्टी ऑफिसर सक्तीचा होता तो हजार किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्यात, आणि शासनाला धोका वाटला तर त्याहून लहान ठिकाणीही. २०२० ची नवी व्यावसायिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यात ही मर्यादा साध्या कारखान्याला ५०० कामगार आणि धोकादायक प्रक्रिया असलेल्या कारखान्याला २५० अशी आहे. बांधकामांनाही २५०. ठाणे-बेलापूर पट्टा, तळोजा, डोंबिवली, पाताळगंगा इथे रासायनिक कारखाने किती आहेत ते तुम्हाला मी सांगायला नको. २३ मे २०२४ रोजी डोंबिवली एमआयडीसीत रिअ‍ॅक्टरचा स्फोट झाला, दहाहून अधिक माणसं गेली, आजूबाजूच्या इमारतींच्या काचा फुटल्या. असे अपघात सहसा फायर एक्स्टिंग्विशर कमी पडल्यामुळे होत नाहीत. रिअ‍ॅक्शन हाताबाहेर जाते, तापमान चढतं, दाब सोडणारी वाट अपुरी पडते. हे आधी ओळखायला केमिकल इंजिनिअरिंग लागतं. म्हणून मुलीला कारखान्यांतच जायचं असेल, तर केमिकल शाखेकडे दुय्यम म्हणून बघू नका. मला विचाराल तर या पट्ट्यासाठी ती सगळ्यांत चांगली पायाभरणी आहे.

दुसरं ठिकाण मोठे सरकारी उपक्रम: ओएनजीसी, एचपीसीएल, आरसीएफ यांसारखे. फायरच्या डिग्रीला खरा भाव आहे तो इथे. यांच्या जाहिरातींत "बी.ई. फायर" किंवा "फायर अँड सेफ्टी" असं स्पष्ट लिहिलेलं असतं, आणि त्या पदाला मेकॅनिकलवाल्याला अर्जही करता येत नाही. पगार उत्तम, शिवाय उरण, ट्रॉम्बे, थळ हे सगळं आपल्या आसपास. पण जागा अगदी थोड्या निघतात आणि स्पर्धेला देशभरातली मुलं असतात. त्यात नागपूर आणि कोचीच्या सरकारी फायर कॉलेजांतलेही असतात. दुसऱ्या बाजूने बघा: मेकॅनिकल, केमिकल आणि इलेक्ट्रिकलला गेटची परीक्षा आहे, अनेक सरकारी उपक्रम त्या गुणांवर इंजिनिअर घेतात. फायरचा वेगळा गेट पेपर नाही. आणि भारतीय विमानतळ प्राधिकरणाच्या ज्युनिअर एक्झिक्युटिव्ह, फायर सर्व्हिसेस या पदाला फायरबरोबर मेकॅनिकल आणि ऑटोमोबाइलची पदवीही चालते. शारीरिक चाचणी आणि वाहन परवाना मात्र लागतो, पोस्टिंग देशात कुठेही.

महापालिकेच्या अग्निशमन दलाबद्दल फार लिहीत नाही, कारण तिथला हिशोब सरळ आहे. फायरमनसाठी राज्याच्या अग्निशमन सेवा संचालनालयाचा सहा महिन्यांचा कोर्स, जो सांताक्रूझला कलिना-विद्यानगरीतल्या केंद्रात होतो, आणि अधिकाऱ्यांच्या पदांना तिथला किंवा नागपूरचा अधिकारी अभ्यासक्रम. उंची-वजनाचे निकष असतात, वयाची मर्यादा असते, भरती निघते तेव्हा निघते. त्यासाठी आठ लाख मोजायची गरज नाही.

चौथं ठिकाण घरबसल्या कुणाच्या डोक्यात येत नाही, आणि माझ्या मते पुढच्या काळात ठाणे-नवी मुंबईत सर्वांत जास्त काम तिथेच आहे. यंत्रणेचं डिझाइन, उभारणी, देखभाल आणि तपासणी. तुमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना "फॉर्म बी" म्हणजे काय ते विचारा. २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियमाखाली इमारतीतली आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र परवानाधारक एजन्सीकडून वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, द्यावं लागतं. घोडबंदर रोडपासून खारघरपर्यंत किती टॉवर उभे आहेत बघा. वर रबाळे-महापे-ऐरोलीची डेटा सेंटर. तिथे सर्व्हर हॉलमध्ये पाणी मारून चालत नाही म्हणून गॅसची यंत्रणा बसवतात, आणि हवा खेचून त्यातला धूर अगदी सुरुवातीलाच ओळखणारे डिटेक्टर.

या कामात नेमकं काय करावं लागतं ते एका उदाहरणाने सांगते, म्हणजे कोणतं शिक्षण कामाला येतं ते कळेल. तीस मजल्यांच्या टॉवरवर तपासणी आहे. गच्चीवरच्या हायड्रंटला, म्हणजे आग विझवायच्या पाण्याच्या नळाला, प्रेशर गेज लावायचा आणि व्हॉल्व्ह उघडायचा. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे सगळ्यांत वरच्या, सगळ्यांत लांबच्या हायड्रंटला निदान साडेतीन बार दाब मिळायला हवा. व्हॉल्व्ह उघडल्यावर लाइनचा दाब उतरतो, तळघरातला छोटा जॉकी पंप आपोआप सुरू होतो, तो पुरा पडला नाही की मुख्य पंप सुरू होतो, आणि वीज गेलेली असेल तर डिझेल पंप. मुख्य पंप बंद मात्र हातानेच करायचा, आपोआप होता कामा नये. कागदावर सगळं सोपं. प्रत्यक्षात खाली उतरलं की पॅनलवरचा स्विच "ऑटो"ऐवजी "ऑफ"वर सापडतो. का? कुठेतरी लाइन गळतेय, दाब सारखा उतरतो, जॉकी पंप रात्रभर चालू-बंद होतो, तळमजल्यावरच्या बिऱ्हाडाला झोप लागत नाही, म्हणून कुणीतरी वॉचमनला स्विच फिरवायला सांगितलेला असतो. गळती शोधायची, प्रेशर स्विच पुन्हा सेट करायचा आणि सेक्रेटरींना चार माणसांसमोर समजावायचं की ही इमारत आत्ता आगीपासून सुरक्षित नाही. पंप, पाइप, दाब, वायरिंग. यातलं बहुतेक मेकॅनिकल आणि इलेक्ट्रिकलच्या अभ्यासात आहे. डिझाइनच्या कन्सल्टन्सी कंपन्यांतही स्प्रिंकलरचं हायड्रॉलिक कॅल्क्युलेशन आणि ड्रॉइंग येणारी मुलं-मुली हवी असतात, आणि ते शिकायला चार वर्षं परराज्यात राहावं लागत नाही.

म्हणजे चारपैकी तीन ठिकाणी मेकॅनिकल, केमिकल किंवा इलेक्ट्रिकलची पदवी आणि वर योग्य ती पदविका तेवढीच चालते, कधी जास्त चालते. फक्त सरकारी उपक्रमांच्या थोड्या जागांना फायरच हवं. आता याच्यासमोर पैसे मांडू.

फी आठ लाख. होस्टेल-मेसचे पैसे तुम्ही खिशातून भराल असं क्षणभर धरू. साडेसात लाखांवरच्या शैक्षणिक कर्जाला बँका तारण मागतात, म्हणून घराचा विषय निघालाय. दर वर्षी दोन लाख उचलले, व्याज दहा टक्के धरलं, आणि कोर्स अधिक एक वर्ष हप्ता नाही असं धरलं, तरी त्या काळात व्याज थांबत नाही. ते सरळव्याजाने साधारण २ लाख ८० हजार होतं. म्हणजे हप्ता सुरू होईल त्या दिवशी कर्ज आठ नाही, जवळपास १० लाख ८० हजार. सात वर्षांत फेडायचं तर महिन्याचा हप्ता १७,९०० च्या आसपास, आणि शेवटी बँकेला गेलेली एकूण रक्कम १५ लाखांच्या वर. पहिली नोकरी वीस-पंचवीस हजारांची लागली असं समजा. सांगा, त्यातून हा हप्ता कोण भरणार? मिस्टर भरणार, निवृत्तीच्या आधीच्या वर्षांत. आणि मुलगी पहिली मिळेल ती नोकरी धरून बसणार, कारण हप्ता चुकवता येत नाही. शिकण्याची खरी वर्षं ती. त्या वर्षांत तिला एखादी कमी पगाराची पण चांगलं शिकवणारी नोकरी निवडता यायला हवी. कर्जाने तेवढं स्वातंत्र्य जातं, आणि माझा विरोध त्यालाच जास्त आहे.

आता दुसरी बाजू. ही तुम्हाला त्या सेंटरमध्ये कुणी सांगितली नसणार. जुलै २०२४ पासून महाराष्ट्र शासनाने व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस गटांतल्या मुलींची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली आहे. अट कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असण्याची. तुमचं साडेपाच आहे. प्रवेश मात्र केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे सगळे "कॅप" म्हणतात त्यातूनच व्हायला हवा. मॅनेजमेंट कोट्याला ही सवलत नाही, अभिमत आणि खासगी विद्यापीठांना नाही, आणि परराज्याचा तर प्रश्नच नाही. विनाअनुदानित कॉलेजांना मात्र आहे. ऐरोली, वाशी, नेरूळ या आपल्याच लाइनवर इंजिनिअरिंगची कॉलेजं आहेत. ८३ पर्सेंटाइलला कॉम्प्युटर कदाचित मिळणार नाही, पण तिला कॉम्प्युटर नकोच आहे. मेकॅनिकल, केमिकल, इलेक्ट्रिकलचे पर्याय भरपूर भरा. रेल्वेचा पास, पुस्तकं, कॉलेजची किरकोळ फी एवढा खर्च उरेल. एकीकडे पंधरा लाख आणि गहाण घर, दुसरीकडे हे. दोन्हीकडून चार वर्षांनी इंजिनिअरच बाहेर पडते.

यासाठी कागद लागतात. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, जातीचं प्रमाणपत्र, चालू नॉन-क्रिमीलेअर, आणि जात वैधता प्रमाणपत्र. बहुतेक घरं अडकतात ती या शेवटच्या कागदावर. पडताळणीचा अर्ज केलेला नसेल तर हे वाचून झाल्यावर लगेच त्याच कामाला लागा. घणसोली ठाणे तालुक्यात येते, म्हणजे उत्पन्नाच्या दाखल्यासाठी ठाणे तहसील. प्रवेश झाल्यावर महाडीबीटी या शासनाच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज करायला विसरू नका. फी माफ आहे म्हणून आपोआप होत नाही, दर वर्षी अर्ज करावा लागतो.

मग फायरची डिग्री घ्यावीच नाही का? घ्यावी, योग्य ठिकाणी मिळाली तर जरूर घ्यावी. नागपूरचं राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय १९५६ पासून चालू आहे, केंद्रीय गृह मंत्रालयाच्या अखत्यारीत. तिथला फायर इंजिनिअरिंगचा पदवी अभ्यासक्रम नागपूर विद्यापीठाशी संलग्न आहे, आणि या क्षेत्रातल्या लोकांना त्या नावापुढे काही समजावून सांगावं लागत नाही. तिथे प्रवेश मिळाला तर माझा सल्ला उलटा: बाकी सगळं सोडून पाठवा. शारीरिक निकष असतात, तेवढे यंदाच्या माहितीपत्रकात आधी वाचा. दुसरं नाव कोचीन विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठाचं, कोचीला. तिथे सेफ्टी अँड फायर इंजिनिअरिंगचं बी.टेक. आहे, विद्यापीठ सरकारी आहे, त्यांची स्वतःची प्रवेश परीक्षा असते. या दोन्ही ठिकाणचा विचार करा. यंदा नाही जमलं तरी मेकॅनिकल किंवा केमिकलला बसून तिचं काही वाया जाणार नाही.

त्या वाशीच्या सेंटरबद्दल दोन गोष्टी स्पष्ट लिहिते. "पहिलं वर्ष वाशीत" हे ऐकूनच तुम्ही उठायला हवं. दुसऱ्या राज्याच्या कायद्याने स्थापन झालेल्या खासगी विद्यापीठाला महाराष्ट्रात अभ्यास केंद्र उघडून वर्ग चालवता येत नाहीत. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, हे वेळोवेळी जाहीर केलेलं आहे. आणि वर्ग नुसते नावापुरते असतील, मुलगी घरी बसून पास होणार असेल, तर ते दूरस्थ शिक्षण झालं. तसं इंजिनिअरिंग ग्राह्य धरलं जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१७ च्या निकालात एआयसीटीईच्या, म्हणजे तंत्रशिक्षणाला मान्यता देणाऱ्या केंद्रीय परिषदेच्या, परवानगीशिवाय दूरस्थ पद्धतीने दिलेल्या इंजिनिअरिंगच्या पदव्यांना मान्यता नाकारली, आणि त्यात किती घरांची वर्षं गेली ते मी जवळून पाहिलं आहे. पदवी हातात असूनही पदोन्नतीच्या वेळी कागदपत्रांची छाननी झाली आणि माणूस तिथेच थांबला.

"शंभर टक्के प्लेसमेंट"चं म्हणाल, तर दोन वर्षांपूर्वी पास झालेल्या पाच मुलांची नावं आणि ते कुठे लागले हे मागा. कंपनीचं नाव, पद, पहिला पगार. चांगलं कॉलेज हे अभिमानाने दाखवतं. "सेफ्टी स्टीवर्ड" किंवा "फायर वॉचर" अशी पदं दिसली तर समजून घ्या की त्या कामाला बी.टेक. लागत नाही. आखाताचं स्वप्नही तिथे दाखवलं असेल. आखातात सेफ्टीच्या नोकऱ्या आहेत हे खरं, पण तिथे अनुभव विचारतात, नेबॉश या ब्रिटिश संस्थेचं सुरक्षेचं सर्टिफिकेट विचारतात. ते इंजिनिअर झाल्यावर दोन-तीन वर्षांनी, स्वतःच्या पगारातून करता येतं.

मुलीला एक गोष्ट माझ्याकडून सांगा, कारण आपलं स्वप्न घरच्यांनी मोडलं असं तिला वाटू शकेल. मेकॅनिकलला गेलीस तरी फायर आजपासून सुरू कर. प्रोजेक्ट स्प्रिंकलरवर किंवा पंपावर घे. सुट्टीत एखाद्या परवानाधारक फायर एजन्सीकडे फुकट काम करायची तयारी ठेवून जा आणि पंपरूममध्ये उभी राहा. राष्ट्रीय सुरक्षा परिषदेचं मुख्यालय तुझ्या घराजवळ बेलापूरलाच आहे, तिथे प्रशिक्षणं होत असतात, त्यांची माहिती घे. राष्ट्रीय इमारत संहितेचा चौथा भाग आगीवर आहे, तो तिसऱ्या वर्षाला जाईपर्यंत वाचून काढ. एवढं केलेली मेकॅनिकल इंजिनिअर आणि नुसतं "फायर" छापलेली पदवी, यांत मुलाखत घेणारी म्हणून मी कुणाला घेतलं असतं हे मला ठाऊक आहे. दोन वर्षं कारखान्यात सुपरवायझर, मग एडीआयएस, की वयाच्या पंचविशीत ती कायद्याने सेफ्टी ऑफिसर व्हायला पात्र.

राहिले २५ हजार. पावती कुणाच्या नावाची आहे ते आधी बघा. विद्यापीठाच्या नावाची असेल तर यूजीसीचा २०१८ चा परतावा नियम लागू होतो: प्रवेशाच्या जाहीर केलेल्या शेवटच्या तारखेच्या पंधरा दिवस किंवा अधिक आधी लेखी कळवलं तर पूर्ण फी परत, त्यातून जास्तीत जास्त पाच टक्के, तेही पाच हजारांच्या आत, कापता येतात. पंधरा दिवसांहून कमी उरले असतील तर ९० टक्के. शेवटची तारीख उलटल्यावर पंधरा दिवसांत ८०, महिन्याच्या आत ५०, त्यानंतर काहीच नाही. म्हणून फोनवर बोलत बसू नका, आजच ईमेल करा, विद्यापीठाच्या कुलसचिवांना आणि प्रत सेंटरला. मूळ कागदपत्रं स्वतःकडे अडकवून ठेवायला याच नियमाने मनाई आहे. ती बघून झाली की परत द्यायची असतात, आणि कॅपच्या प्रवेशाला तुम्हाला ती लागणारच आहेत. पावती सेंटरच्या नावाची असेल, किंवा पावतीच नसेल, तर मिस्टरांनी एकटं न जाता आणखी दोन माणसं घेऊन जावं, आधी मार्कशीट आणि दाखला ताब्यात घ्यावा, मग पैशांचं बोलावं. पैसे परत करायला खळखळ केली तर ग्राहक तक्रार निवारण आयोग आहे. पण समजा ते २५ हजार बुडाले, तरी "आता भरलेच आहेत तर" म्हणून पुढचे पावणेआठ लाख भरू नका.